पुसण्याआधीची दुरुस्ती

एकतीस वर्षं मी आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीच्या शाळेत मराठी शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत मला एकच व्यसन लागलं, शेरा लिहिण्याचं. प्रगतिपुस्तकात पालकांच्या सहीच्या वर जी अर्धी ओळ मोकळी असते, तिथं 'प्रगती समाधानकारक' लिहून हात झटकणाऱ्या शिक्षकांचा मला राग यायचा. मी खरं लिहायचे. 'मुलगा हुशार आहे, पण ते कुणाला कळू देत नाही.' 'निबंध उत्तम, बहुधा बहिणीचा.' पालक भांडायला यायचे, मुख्याध्यापक मधे पडायचे, आणि पुढच्या सहामाहीला मी पुन्हा तेच करायचे.

निवृत्त झाल्यावर हे व्यसन घेऊन घरी बसणं काही खरं नव्हतं. तेवढ्यात आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाला मराठीत टाईप करता येणारं माणूस हवं होतं. मंडळ म्हणजे कापड दुकानाच्या माडीवर एक खोली, एक लोखंडी कपाट, सहा खुर्च्या आणि कुणीतरी देणगी दिलेला लॅपटॉप. मला चिटणीस केलं. मी एक्सेलमध्ये तक्ता केला: अनुक्रमांक, नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरी, शेती, अपेक्षा. आणि शेवटी, कुणी सांगितलेलं नसताना, एक रकाना वाढवला. शेरा.

तो फक्त माझ्यासाठी होता. एवढी स्थळं लक्षात कशी ठेवणार? 'नोकरी आहे म्हणतात. ऑफिस दाखवलं नाही.' 'मुलगा ठीक, आई अवघड.' 'फोटो जुना. फारच जुना.' कुणाचा फोन आला की मी शेरा बघायचे आणि त्याप्रमाणे ते स्थळ पुढं सरकवायचे किंवा दाबून ठेवायचे. नऊ वर्षांत चारशे बारा नोंदी झाल्या. आपण केवढं समाजकार्य करतोय, असंच मला वाटत होतं.

मग सगळं व्हॉट्सॲपवर गेलं. माडीचा जिना चढायला कुणी येईना. मंडळानं ठरवलं की खोली बंद करायची आणि लॅपटॉप मुलींच्या वसतिगृहाला देऊन टाकायचा. तेव्हा आमचे खजिनदार, म्हणजे ज्यांच्या दुकानावर ही माडी आहे ते कापड दुकानदार, म्हणाले की देण्याआधी आतलं सगळं पुसायला पाहिजे. त्यांनी जुना मोबाईल एक्सचेंजमध्ये दिला होता. महिन्याभरानं लातूरहून एका अनोळखी गृहस्थाचा फोन आला, "तुमच्या घरच्या बारशाचे फोटो माझ्याकडं आलेत. ठेवू का काढू?" खजिनदारांच्या घरात त्यावर अजून बोलत नाहीत.

मला तर बरंच झालं. मी लॅपटॉप घरी नेला, ती फाईल शोधली, शिफ्ट धरून डिलीट दाबलं आणि संध्याकाळी अध्यक्षांना फोन करून सांगितलं, "अप्पा, पुसलं सगळं."

मग अप्पांनी विचारलं, "कुणासमक्ष?"

अप्पा तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. वय अठ्ठ्याहत्तर. अख्ख्या नोकरीत त्यांनी एकही कागद परस्पर फाडू दिलेला नाही. जुने कागद जाळायचे तर आधी त्यांची यादी करायची, यादीवर पंचांच्या सह्या घ्यायच्या, आणि ती यादी कायम जपून ठेवायची, अशी त्यांची पद्धत. घरात रद्दी घालतानासुद्धा ते वर्तमानपत्रांच्या तारखा लिहून ठेवतात, असं त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं आहे.

"अप्पा, पुसायचीच फाईल होती ना? मी पुसली."

"ती व्हती ह्याचाच पुरावा न्हाय आपल्याकडं. मग ती नष्ट झाली ह्याचा पुरावा कसा द्यायचा?" अप्पा म्हणाले. त्यांनी सांगितलं की लॅपटॉप घेऊन माडीवर या, जाणकाराला बोलावतो.

जाणकार म्हणून त्यांनी बोलावली ती बसस्टँडजवळ कॉम्प्युटर सेंटर चालवणारी मुलगी. मी मुलगी म्हणते, पण आता छत्तिशीची असेल. पीकविम्याचे फॉर्म, सातबारा, परीक्षांचे अर्ज, तालुक्यातलं निम्मं काम तिच्या एका प्रिंटरवर चालतं. ती माडीवर आली, मी काय केलं ते ऐकलं आणि हसली. "बाई, डिलीट म्हंजी पुसणं न्हाय. पुस्तकातली अनुक्रमणिका फाडल्यासारखं हाय. धडे आतच ऱ्हात्यात." मग तिनं पेनड्राइव्ह लावला, काहीतरी चालवलं आणि वीस मिनिटांत माझी फाईल जशीच्या तशी वर काढून दाखवली. चारशे बारा ओळी. शेऱ्यांसकट.

अप्पांना एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "बगा!" ते म्हणाले. "अभिलेख उपलब्ध झाला. आता रीतसर नष्ट करता येईल."

ती म्हणाली की खरं पुसायचं तर अख्ख्या हार्डडिस्कवर नव्यानं लिहावं लागतं, तीनदा, म्हणजे खालचं काही उरत नाही. जुनी डिस्क आहे, सहासात तास जातील. नंतर फॉरमॅट करून पुन्हा विंडोज टाकायचं. अप्पांनी मान डोलावली आणि आपली पद्धत सांगितली. त्याआधी पंचांसमक्ष प्रत्येक नोंद वाचून खात्री करायची. रजिस्टरात अनुक्रमांक लिहायचा आणि पुढं 'शेरा वाचला' अशी खूण करायची.

"पण अप्पा, गोपनीय हाय म्हणूनच पुसतोय न्हवं?" खजिनदार म्हणाले.

"मग हळू आवाजात वाचू," अप्पा म्हणाले.

माझी अडचण वेगळीच होती: दोनशे सतरा नंबरची नोंद त्या कॉम्प्युटरवालीचीच होती.

सात वर्षांपूर्वी मी तिच्या घरी गेले होते. वडील नाहीत, आई ब्लाऊज शिवून घर चालवायची. चहा झाला, मी अर्ज भरून घ्यायला लागले, तर ही मुलगी अर्ज उलटसुलट करून म्हणाली, "बाई, ह्यात मुलीला स्वैपाक येतो का, असा रकाना हाय. मुलाला काय येतं ते कुठं लिवायचं?" मी म्हणाले, मुलाला काय येतं ते लग्नानंतर कळतं. "तेच तर म्हणतीया मी," ती म्हणाली, आणि शेजारपाजारच्या चार बाया खो खो हसल्या. वर्गात एखाद्या मुलीनं हा प्रश्न विचारला असता तर मी तिला फळ्याजवळ बोलावून शाबासकी दिली असती. पण तिथं माझं हसं झालं होतं. घरी येऊन मी लॅपटॉप उघडला आणि शेरा लिहिला, 'मुलगी हुशार. जिभेला लगाम नाही. चांगल्या घरी सुचवू नये.'

आणि नाहीच सुचवलं. कुणी विचारलं तर मी दुसरी नावं पुढं करायचे. तिच्याकडं पाठवली ती उरलीसुरली स्थळं, त्यात एक चव्वेचाळीस वर्षांचा बिजवर. तिची आई दर बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन माडीवर यायची, दारातच उभी राहून विचारायची, "बाई, काय आलं का?" आणि मी म्हणायचे, "प्रयत्न चालू आहेत." वर्षभरानं ती यायची थांबली. अजूनही भाजीबाजारात भेटली की माझा हात धरते आणि म्हणते, "तुमी लई केलं आमच्यासाठी." त्या दिवशी मी भेंडी न घेताच घरी येते. मला त्या बाईची भीती वाटते, हे लिहायला सात वर्षं लागली.

पंचांची बैठक दुसऱ्या दिवशी दहा वाजता ठरली होती. मी नऊलाच तिच्या सेंटरवर जाऊन उभी राहिले. ती शटर वर करत होती. मी सरळच विचारायचं ठरवून आले होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "ती फाईल आज उघडायच्या आधी त्यातली एखादी ओळ काढता येते का गं?"

"दोनशे सतरा?" तिनं विचारलं.

मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. ती झाडू घेऊन झाडायला लागली. "चार वर्षं झाली वाचून. तुमीच लॅपटॉप आणून दिला व्हता, हँग हुतोय म्हणून. फाईल उघडीच व्हती." मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस? ती म्हणाली, "लगाम घालून बगितला. जमतोय का म्हणून."

माफी मागायला मी तोंड उघडलं, तर तिनं झाडूसकट हात वर केला. "ऱ्हाऊ द्या, बाई. मला काय वाटायचं ते वाटून झालं. आता ओळ काढता यायची न्हाय, अप्पांनी काल फाईलची साईज लिवून घेतलीया. वाचू द्या त्यास्नी. फकस्त आईपातुर जायला नको. तिला तुमी देवमाणूस वाटताय. तिच्याकडं आता अशी लई माणसं उरली न्हाईत." एवढं बोलून तिनं कचरा सुपलीत भरला आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला. त्या दिवशी माझ्यापुढं एकच काम होतं. तो शेरा तिच्या आईच्या कानावर जाऊ द्यायचा नाही.

दहा वाजता आम्ही चौघं बसलो. अप्पा, खजिनदार, मी आणि लॅपटॉपपुढं ती. खजिनदारांच्या घरून चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा आला होता. अप्पांनी लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर उघडलं, तारीख घातली आणि वाचायला सुरुवात केली. हळू आवाजात वाचायचं ठरलं होतं, पण अप्पांना ऐकू कमी येतं, त्यामुळं त्यांचा हळू आवाज खाली दुकानातल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचतो.

"अनुक्रमांक एक. शेरा. 'उंची बुटांसह.' वाचला."

सतरा नंबरपर्यंत सगळं सुरळीत चाललं. अठरा नंबर खजिनदारांच्या थोरल्या मुलाचा होता. "'मुलगा चांगला. वडील फार बोलतात,'" अप्पांनी वाचलं आणि खूण करायला पेन टेकवला.

"थांबा," खजिनदार म्हणाले. "हे कुणी लिवलं?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सुशीला खात राहिले. मग खजिनदार पाऊण तास बोलले. आपण फार बोलत नाही, हा त्या बोलण्याचा विषय होता. शेवटी त्यांनी मागणी केली की ही नोंद चुकीची आहे, ती आधी दुरुस्त झाली पाहिजे.

"मालक, पुसायचीच हाय की ती," कॉम्प्युटरवाली म्हणाली. "संध्याकाळपातुर सगळं शून्य हुणार हाय."

"शून्य हू द्या. पण चुकीचं शून्य नको," खजिनदार म्हणाले.

मला वाटलं अप्पा त्यांना गप्प करतील. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मुद्दा बरोबर हाय. चुकीचा अभिलेख नष्ट केला तर तो चुकीचाच नष्ट हुतो. मग पुन्हा कधी दुरुस्ती करता येत न्हाय. आधी दुरुस्ती, मग नष्ट." त्यांनी रजिस्टरात एक नवा रकाना आखला. ती माझ्याकडं बघत होती. मी छताकडं बघत होते. तिनं अठरा नंबरच्या शेऱ्यात टाईप केलं, 'मुलगा चांगला. वडील मोजकं बोलतात.' अप्पांनी फाईलची नवी साईज लिहून घेतली.

इथपर्यंत आटोक्यात होतं. पण मोजकं बोलणाऱ्या खजिनदारांनी ही हकिकत फोनवर घरी सांगितली आणि घरच्यांनी ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली: 'मंडळाच्या नोंदी आज कायमच्या पुसल्या जात आहेत. ज्यांना दुरुस्ती करायची आहे त्यांनी त्वरित माडीवर यावे.'

अकरा वाजता पहिला माणूस आला. त्याच्या मुलीची उंची पाच फूट एक इंच लिहिली होती, ती पाच तीन पाहिजे होती. मुलीच्या लग्नाला पाच वर्षं झालेली, दोन नातवंडं. मी विचारलं, आता उंचीचं काय करायचंय? "ऱ्हाऊ द्या की नीट, बाई," तो म्हणाला. "जाताना तरी नीट जाऊ द्या." अप्पांनी त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला.

बाराच्या सुमाराला रांग जिन्यावर गेली. चार वर्षं ज्या मंडळाकडं कुणी फिरकलं नव्हतं, त्याच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. एका बाईला जन्मवेळ बदलून हवी होती, कारण आधीची वेळ त्यांनीच चुकीची दिली होती. एका गृहस्थाला 'शेती दहा एकर' खोडून 'चार एकर' करायचं होतं. आता लग्न होऊन गेलं होतं आणि खोटं अंगावर ठेवून नोंद जायला नको म्हणत होता. एकाला त्याचा शेरा ऐकायचा होता. ऐकल्यावर तो म्हणाला, "बरोबर हाय," आणि चहा पिऊन गेला. असा एकच.

एक वाजता लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, इन्व्हर्टरचा प्लग खालच्या पंख्याला लावलेला. तीनचार सेकंद सगळे काळ्या स्क्रीनकडं बघत राहिले. अकरा वाजल्यापासूनच्या सगळ्या अकरा दुरुस्त्या सेव्ह झाल्या नव्हत्या. थोड्या वेळानं लाईट आल्यावर अप्पांनी जिन्यात उभं राहून अकरा जणांना परत बोलावलं. उंचीवाला म्हणाला, आलोच आहे तर पाच चार करा.

ह्या सगळ्यात अप्पांचं ओळीनं वाचणं त्रेसष्टाव्या नोंदीवर अडकलं होतं. पुढं फक्त जे आले त्यांच्याच नोंदी उघडल्या जात होत्या. मी घड्याळाकडं बघून मनात हिशेब करत होते. अडीच वाजता अप्पांचा आवाज बसला. त्यांनी घसा खाकरून जाहीर केलं, "वेळेअभावी उर्वरित नोंदी वाचल्या असं समजण्यात येतं." मला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. दोनशे सतरा वाचल्याशिवाय वाचली गेली होती. तिनंही पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. फाईल बंद करायला तिनं माऊसवर हात ठेवला, आणि जिन्यावरून चपलांचा आवाज आला.

तिची आई होती. हातात पिशवी, गळ्यात शिवणाची टेप तशीच राहिलेली. दारात उभी राहून आधी तिनं मला नमस्कार केला. मग लेकीकडं बघितलं, मग अप्पांना म्हणाली, "आमचीचं नाव पुसू नका, अप्पा."

अप्पा गोंधळले. दिवसभर सगळे दुरुस्तीला आले होते. पुसू नका म्हणणारं कुणी आलं नव्हतं, आणि त्यासाठी रजिस्टरात रकाना नव्हता.

"बाकीच्यांचं झालं सगळ्यांचं," ती म्हणाली. "आमचीचं ठरायचंय अजून. नाव पुसलं तर स्थळ कुठनं येईल? बाईंनी एवढं लिवून ठिवलंय."

"आई, घरी जा," मुलगी म्हणाली. "मी येते संध्याकाळी."

"जाते की. काय लिवलंय तेवढं वाच. अप्पा सगळ्यास्नी वाचून दाखवत्यात म्हणं."

अप्पांनी मान हलवली. अर्जदाराला आपली नोंद ऐकण्याचा हक्क होता, हे त्यांनीच दिवसभर चालवलं होतं. ते उठून लॅपटॉपपाशी यायला लागले. मी म्हणाले, "अप्पा, तुमचा घसा बसलाय, मी वाचते," पण मी उठेपर्यंत मुलीनं फाईल खाली सरकवली होती. दोनशे सतरा. माझी ओळ मला लांबूनही दिसत होती.

तिनं स्क्रीनकडं बघत वाचलं, माझ्याच शेऱ्यांच्या चालीवर, प्रत्येक वाक्याला थांबत. "'मुलगी हुशार. बोलणं सरळ. घरचं एकटी बघते. माणसं धरून राहणारी. चांगल्याच घरी सुचवावे.'"

त्यातलं पहिलं वाक्यच काय ते माझं होतं. बाकीचं तिनं तिथल्या तिथं रचलं होतं, एकदाही न अडखळता. मी एकतीस वर्षांत एवढा चांगला शेरा कुणाला लिहिलेला नाही.

"वाचला," अप्पांनी खूण केली. आईचा चेहरा मी बघू शकले नाही. ती हळूच आत येऊन रिकाम्या खुर्चीवर बसली. मुलीनं फाईल बंद केली, लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, खात्री आहे का असं त्यानं विचारलं. तिनं होय म्हटलं. एका कोपऱ्यात टक्के मोजायला सुरुवात झाली.

अप्पा आणि खजिनदार पंचनाम्याच्या शेवटच्या ओळीवरून भांडायला लागले. डिस्क रिकामी झाली असं लिहायचं की शून्यांनी भरली असं लिहायचं, हा वाद होता. अप्पांचं म्हणणं, भरलेली वस्तू रिकामी म्हणून देता येत नाही. तो वाद चालू असताना तिची आई माझ्याकडं वळली.

"बाई, एवढं चांगलं लिवलं व्हतं. मग का जमलं नसंल ओ?"

तिला खरंच कळत नव्हतं. तिनं आरोप केला असता तर मी शंभर कारणं सांगितली असती, मला येतात कारणं सांगता. पण ती मला विचारत होती, शाळेत गणित न सुटलेली मुलगी विचारते तसं. मी म्हणाले, "ताई, मी ते कुणाला पाठवलंच नाही. चांगल्या घरांनी विचारलं तेव्हा मी तिचं नाव सांगितलं नाही."

तिची लेक वळली नाही, पण तिचे खांदे ताठ झालेले मला दिसले.

"का?"

"चिडले होते मी तिच्यावर. पहिल्या दिवशी बोलली म्हणून."

तिची आई बराच वेळ गळ्यातली टेप बोटांवर गुंडाळत राहिली. मला वाटलं आता उठेल, मला काहीतरी बोलेल, आणि मला ते बोलणं हवं होतं.

"ती बोलतीच तशी," ती म्हणाली. "म्या बी रोज चिडते तिच्यावर. पण वाढते की जेवायला." आवाज चढला नव्हता, पण माझ्याकडं न बघता बोलत होती. मग नाकावरून पदर फिरवून तिनं पिशवीतून मापाची वही काढली, ब्लाऊजची मापं लिहितात ती, आणि एक कोरं पान उघडून पेन्सिलीसकट माझ्यापुढं ठेवली. "मग आता पाठवा. पुसायला लागलंय म्हणत्यात, तर ह्यात उतरून द्या. तुमच्या हातानं."

"आई, मला न्हाय करायचं लगीन," मुलगी म्हणाली.

"तू करू नको. पर लिवलेलं घरात असू दे."

मी पेन्सिल घेतली. छातीची, बाह्यांची, गळ्याची मापं होती त्याच्या समोरच्या पानावर लिहायला लागले. 'मुलगी हुशार. बोलणं सरळ. घरचं एकटी बघते.' आणि पुढचं आठवेना. वयाचा दोष म्हणा, नाहीतर दुसऱ्यानं लिहिलेलं पाठ कसं असणार म्हणा. मी पेन्सिल टेकवून बसले. तिची आई माझ्या हाताकडं बघत होती.

"माणसं धरून राहणारी," मुलगी म्हणाली. ती अजून टक्क्यांकडंच बघत होती.

"बगा," आई मला म्हणाली, आणि त्या दुपारी पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. "एकदा वाचलं की पाठ हुतं तिला. हे बी लिवा."

मी तेही लिहिलं आणि खाली सही केली.